एकवीस महिने आणि एक फाईल: जर्मनीत ब्लू कार्डपासून कायमच्या परवान्यापर्यंत

पुण्यातल्या जुन्या ऑफिसातल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज दर महिन्याला येतोच. जर्मनीचं कसं असतं, ब्लू कार्डला किती वेळ लागतो, पुढे कायमचं राहायचं म्हटलं तर काय काय लागतं? ब्लू कार्ड म्हणजे युरोपीय संघाबाहेरच्या पदवीधरांना ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणारा राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढते आहे. मी २०२१ च्या शेवटी अर्ज केला, २०२२ च्या मार्चपासून स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहते आणि २०२४ च्या उन्हाळ्यात मला इथे कायम राहण्याचा परवाना मिळाला. आकडे आणि नियम त्या त्या वर्षाचे दिले आहेत. पगाराची अट दर जानेवारीत बदलते, तेव्हा तुमच्या वर्षाचा आकडा सरकारी संकेतस्थळावर बघूनच पुढे जा.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. इंजिनिअरिंग पुण्यात केलं आणि मग हिंजवडीत सॉफ्टवेअरचं, बॅकएंडचं काम. घरातलं कुणी परदेशी गेलेलं नव्हतं, त्यामुळे 'आमच्या मामांनी सांगितलं' अशी सोय नव्हती. एजंटकडे गेले नाही. त्यात काही बाणा नव्हता. एजंटने सांगितलेली रक्कम ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात तर आपली दोन्ही तिकिटं निघतील," आणि विषय संपला.

मुलाखती २०२१ च्या पावसाळ्यात झाल्या, सगळ्या घरी बसून. ऑक्टोबरमध्ये करार हातात आला. तो आल्यावर पहिली गोष्ट तपासली ती पगाराचा आकडा. २०२१ साली ब्लू कार्डसाठी वर्षाला किमान ५६,८०० युरो पगार लागायचा. मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांना, म्हणजे संगणक, इंजिनिअरिंग, वैद्यकीय वगैरे, ४४,३०४ युरो पुरायचे. वरच्या आकड्यापेक्षा पगार जास्त असेल तर इथल्या रोजगार खात्याची संमती लागत नाही. खालच्या आकड्यात बसत असाल तर लागते, आणि तेवढे दिवस वाढतात. माझा करार वरच्या आकड्याच्या थोडा पुढे होता. तुमचा थोडक्यात खाली राहत असेल तर एचआरशी बोलायला लाजू नका. हजारभर युरोंसाठी कंपनी सहसा अडून बसत नाही, आणि तुमची एक पायरी वाचते.

दुसरी गोष्ट पदवी. जर्मन सरकारचा 'आनाबिन' नावाचा एक माहितीकोश आहे. त्यात तुमचं विद्यापीठ 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, या वर्गात आहे का आणि तुमची पदवी जर्मन पदवीच्या बरोबरीची धरली आहे का, हे दोन्ही वेगवेगळं शोधावं लागतं. संकेतस्थळ जर्मनमध्ये आहे आणि दिसायलाही जुनाट आहे, पण नेटाने शोधलं की सापडतं. दोन्ही पानांची छापील प्रत अर्जाला जोडायची. पदवी त्यात सापडली नाही तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या सरकारी कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याला तेव्हा २०० युरो पडायचे आणि वेळ लागायचा तो वेगळाच. माझं पुणे विद्यापीठ यादीत होतं. पण माझी पदवी २०१३ ची, तिच्यावर विद्यापीठाचं जुनं नाव. 'सावित्रीबाई फुले' हे नाव २०१४ पासून लागलं. पत्रात एक ओळ घालून हा बदल सांगून टाकला. विचारायच्या आधी सांगितलेलं बरं असतं.

नावाचा घोळ मात्र खास आपला, आणि त्यावर थोडं सविस्तर लिहायला हवं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, शिवाय खाली आईचं नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात माझं आणि आप्पांचं नाव एकत्र. जर्मन अर्जात वडिलांच्या नावाला जागाच नाही: एक आडनाव आणि एक स्वतःचं नाव. पासपोर्टमध्ये जे आहे तेच खरं, या न्यायाने आप्पांचं नाव माझं दुसरं नाव झालं. आजही इथल्या आरोग्य विम्याच्या कार्डावर, बँकेच्या कार्डावर, वीज बिलावर ते माझ्याबरोबर आहे. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच, त्याच क्रमाने नाव लिहायचं, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. करारातही तसंच लिहून घेतलं. गुणपत्रिकेतला क्रम वेगळा असल्याने शंभराच्या स्टॅम्प पेपरवर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं. मुंबईतल्या व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या मुलीने ते पाहिलं, हसली आणि परत दिलं. लागलं नाही, पण त्या दिवशी माझी झोप त्याच्यामुळेच झाली होती. लग्नानंतर मी आडनाव बदललं नव्हतं. ज्यांनी पासपोर्टात बदललंय आणि पदवीवर माहेरचं आहे, त्यांनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत ठेवावं.

बाकी कागद नेहमीचेच: भरलेला अर्ज, करार, कंपनीने भरून द्यायचं नोकरीबद्दलचं जाहीरपत्र, पदवी, अनुभवपत्रं, बायोडेटा, फोटो, आणि नोकरी सुरू होईपर्यंतच्या दिवसांचा प्रवासी आरोग्य विमा. सगळ्याचे दोन संच, एकाच क्रमाने लावलेले. कंपनीचं जाहीरपत्र हा यातला सगळ्यात आळशी कागद. तो जर्मनीतल्या एचआरने भरायचा असतो, आणि डिसेंबरात तिथे सगळे सुट्टीवर असतात. करार सही करतानाच तो मागून घ्या.

नव्वद दिवसांची नोटीस हा आपल्याकडचा रोगच आहे. मी ती व्हिसा येण्याआधी, नोव्हेंबरमध्ये दिली. धाडस वाटेल, पण हिशोब साधा होता: कागद पूर्ण होते, पगार अटीच्या वर होता, आणि व्हिसाची वाट बघून मग नोटीस दिली असती तर जर्मन कंपनीला मे उजाडेपर्यंत थांबावं लागलं असतं. घरी मात्र हे सांगितलं नव्हतं. सासूबाईंना कळलं ते व्हिसा आल्यावरच.

डिसेंबरच्या मध्यात मुंबईत अर्ज दिला. व्हिसाची फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची; तेव्हाच्या दराने साडेसहा हजारांच्या आत. शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर. बोटांचे ठसे झाले, पासपोर्ट ठेवून घेतला आणि वाट बघणं सुरू झालं. जानेवारीत कोविडची तिसरी लाट आली आणि मी रोज सकाळी उठून आधी उड्डाणांच्या बातम्या वाचायचे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाकीट आलं. सहा महिन्यांचा व्हिसा, वर ब्लू कार्डाचा उल्लेख.

वाट बघण्याच्या या दिवसांत मी एक काम केलं, ते पुढे फार उपयोगी पडलं. कॉलेजात असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचे सुरुवातीचे वर्ग केले होते. सगळं गंजलं होतं. त्या सहा आठवड्यांत जुन्या वह्या काढून रोज संध्याकाळी तासभर बसले. ब्लू कार्डाला जर्मन भाषेची अट नाही, त्यामुळे बहुतेक जण तिकडे गेल्यावर बघू म्हणतात. पण कायमच्या परवान्याचं गणित भाषेवर फिरतं. त्या वेळचा नियम असा होता: ए१ पातळीचं जुजबी जर्मन येत असेल तर ब्लू कार्डावर ३३ महिने नोकरी झाल्यावर अर्ज, आणि त्याच्या दोन पायऱ्या वरचं बी१ असेल तर २१ महिन्यांनी. (नोव्हेंबर २०२३ पासून ३३ चे २७ झाले, २१ तसेच राहिले.) नोकरी लागल्यावर रात्री आठला वर्गात बसणं किती जड जातं ते तिथे गेल्यावर कळतं. पुण्यात असाल, अजून ऑफरही नसेल, तरी आत्ताच सुरू करा.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी निघाले. मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथून रेल्वेने स्टुटगार्ट. त्याच आठवड्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं. स्टेशनवर थोड्याच दिवसांत निर्वासितांसाठी मदतीची टेबलं लागली. त्याचा माझ्या कागदांशी संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं, पण तो आला. लाखो माणसांची नोंदणी त्याच कार्यालयांना करायची होती जिथे आम्हाला कार्ड मिळणार होतं.

उतरल्यावर पहिलं काम पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन ती करायची. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक फॉर्म लागतो. पहिले तीन महिने मी फर्निचर असलेल्या छोट्या घरात राहिले, भाडं ९०० युरो. ते ठरवताना मालकाला पहिला प्रश्न हाच विचारला होता, की या पत्त्यावर नोंदणी करू द्याल का? काही तात्पुरती घरं स्वस्त दिसतात आणि नोंदणी करू देत नाहीत. नोंदणी नाही तर पुढचं सगळं अडतं: बँक, करक्रमांक, परवाना. ज्या घरात नोंदणी होत नाही ते घर घेऊ नका, फुकट दिलं तरी.

आणि नोंदणी झाली की त्याच दिवशी टपालपेटीवर नाव लावा. इथे घरनंबरवर टपाल येत नाही, पेटीवरच्या नावावर येतं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि इथलं सरकार सगळं पत्रानेच कळवतं. अकरा आकडी करक्रमांक पत्राने येतो. तो वेळेत कंपनीला दिला नाही तर पहिला पगार सगळ्यात चढ्या करवर्गात कापला जाऊ शकतो. विम्याचं कार्ड पत्राने. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, तिचंही पत्र. घरात टीव्ही नाही म्हणून ती चुकत नाही. या वर्गणीवर रागावण्यात प्रत्येक भारतीयाची एक संध्याकाळ जाते, माझीही गेली.

पहिला पगार हातात आला तेव्हा शंभरातले चाळीसच्या आसपास कापले गेलेले होते. लग्न झालेलं असलं तरी जोडीदार भारतात असेल तोवर एकट्या माणसाचाच करवर्ग लागतो. त्या कापलेल्यात ९.३ टक्के निवृत्तिवेतनाचे असतात, आणि तेवढेच कंपनी घालते. पगारपत्रकातली ती ओळ तेव्हा मी नुसती वाचून सोडून दिली. पुढे तीच ओळ महिन्यागणिक मोजायची होती.

पहिले सहा महिने परिवीक्षेचे. या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोघांपैकी कुणीही करार मोडू शकतं. नोकरी गेली तर ब्लू कार्डावर राहणाऱ्याला नवीन नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. हे सगळं करारात आणि नियमांत स्वच्छ लिहिलेलं असतं आणि रात्री तीन वाजता आठवतं. मी त्या सहा महिन्यांत एकही मोठी वस्तू घेतली नाही. नवरा विचारायचा, "सोफा कधी घेणार?" मी म्हणायचे, "सप्टेंबरनंतर." खुर्च्या दोन होत्या, त्यातली एक शेजारच्या आजींनी दिलेली.

ब्लू कार्डाचा अर्ज मी एप्रिलमध्येच पाठवला. व्हिसा ऑगस्टपर्यंत होता, पण कार्यालयात किती गर्दी आहे ते सहकाऱ्यांकडून ऐकलं होतं. जिल्ह्याच्या परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल केला, उत्तर नाही. मग तेच सगळं छापून, नोंदणीकृत टपालाने पाठवलं आणि पोच सांभाळून ठेवली. ही पोच महत्त्वाची असते. व्हिसा संपायच्या आत अर्ज दिलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर धरतात आणि मागितल्यास तसं तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्राची वेळ माझ्यावर आली नाही. जूनच्या शेवटी बोलावणं आलं. बोटांचे ठसे, फोटो, १०० युरो फी, आणि सगळं मिळून वीस मिनिटं. बाई शांत होत्या, माझ्या मोडक्या जर्मनला त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं नाही, आणि मला ते आवडलं. सहा आठवड्यांनी कार्ड तयार झालं. त्याच्या पिनचं पत्र बर्लिनच्या छापखान्यातून वेगळं येतं, तेही जपून ठेवा. करार बेमुदत असल्याने कार्ड चार वर्षांचं मिळालं, २०२६ पर्यंतचं.

एक चांगली गोष्ट: व्हिसावर काढलेले महिनेही एकवीस महिन्यांच्या हिशोबात धरले जातात. कार्ड उशिरा मिळालं म्हणून घड्याळ उशिरा सुरू होत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच हळहळत बसतात.

नवऱ्याचा व्हिसा त्यामानाने सरळ गेला. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करता येते. महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्हीत असल्याने भाषांतराचा खर्च वाचला. लग्न गावी झालं आणि नोंदणी राहून गेली असेल तर ती आधी करून घ्या, लग्नपत्रिका आणि फोटो इथे कुणी विचारत नाही. मे महिन्यात त्याने अर्ज दिला आणि ऑगस्टमध्ये तो आला. सोबत चकली भाजणीचे दोन किलो आणि आईने दिलेला लोखंडी तवा. तव्यासाठी त्याने स्वतःचे बूट काढून ठेवले होते.

मग दीड वर्ष परवान्याचा विषय वरवर पाहता शांत होता. म्हणजे कार्यालयाशी काही काम नव्हतं. आमचं चालूच होतं.

सप्टेंबर २०२२ पासून मी फोल्क्सहोखशूलेमध्ये, म्हणजे इथल्या लोकशिक्षण केंद्रात, आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गाला जाऊ लागले. खाजगी संस्थांपेक्षा फी बरीच कमी असते, आणि वर्गात सीरियन डॉक्टर, ब्राझीलची नर्स, रोमानियाचा सुतार असे सगळे भेटतात. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, तेव्हा सराव मिळतो तो बेकरीत, डॉक्टरकडे आणि जिन्यात. आमच्या भागात जिना आणि अंगण झाडण्याची पाळी असते, केअरवोखं. तिची पाटी दारावर लागली की शेजारच्या आजी येऊन कोपरा कसा पुसायचा ते दाखवतात, तेही अस्सल श्वाबिश बोलीत. पुस्तकातलं बी१ त्यापुढे फिकं पडतं, पण कान तयार होतो.

२०२३ च्या वसंतात बी१ ची परीक्षा दिली. फी दोनशे युरोंच्या आसपास. वाचन, व्याकरण, ऐकणं, पत्रलेखन, आणि तोंडी परीक्षा जोडीने. तोंडीत दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. आम्हाला एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ आला. माझी जोडीदारीण इतकी भराभर बोलत होती, की मी 'केक मी आणते' आणि 'गुरुवार चालेल का' एवढ्यावर बराच वेळ काढला. साठ टक्के लागतात, मिळाले. निकालाचं प्रमाणपत्र यायला काही आठवडे जातात, तेव्हा एकवीस महिने भरायच्या अगदी तोंडावर परीक्षा ठेवू नका.

दुसरी परीक्षा 'लेबेन इन डॉइचलांड', म्हणजे जर्मनीतलं जीवन. कायदा, इतिहास, समाज. ३०० प्रश्न देशाचे आणि १० तुमच्या राज्याचे, सगळे उत्तरांसकट आधीच जाहीर असतात. परीक्षेत ३३ येतात, एक तास मिळतो, आणि कायमच्या परवान्यासाठी १५ बरोबर पुरतात. नागरिकत्वासाठी १७ लागतात. फी २५ युरो. हे सगळ्यात सोपं काम, आणि तरीही अनेकांचं अडतं, कारण जागा महिनोन्महिने आधी भरतात आणि निकालही सावकाश येतो. मी उन्हाळ्यात नाव दिलं आणि परीक्षा शरदात झाली. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या ढालीवर तीन काळे सिंह आहेत, हे आता मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. जमलं तर १७ च्या वरच मिळवा. तोच दाखला पुढे चालतो.

त्याच वर्षी एकामागून एक कंपन्यांमधून माणसं कमी करण्याच्या बातम्या येत होत्या. आमच्याही ऑफिसात एका गुरुवारी सगळ्यांना एकत्र बोलावलं. माझ्या टीमला धक्का लागला नाही, शेजारच्या टीमला लागला. तिथल्या एका हैदराबादच्या मुलाला अठरा महिने झाले होते. त्याने वेळेत दुसरी नोकरी मिळवली आणि पुढे त्यालाही परवाना मिळाला. नोकरी बदलली म्हणून मोजलेले महिने पुसले जात नाहीत. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत नोकरी बदलायला कार्यालयाची परवानगी लागायची. नोव्हेंबर २०२३ पासून ते बंधन पहिल्या वर्षापुरतं, आणि तेही कळवण्यापुरतं उरलं.

पासपोर्ट २०२४ मध्ये संपणार होता. परवान्याचं कार्ड पासपोर्टशी बांधलेलं असतं, म्हणून अर्जाच्या आधीच म्यूनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून नवा करून घेतला. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधले आपण म्यूनिकच्या अखत्यारीत येतो. जुना पासपोर्ट आणि ब्लू कार्ड नव्याबरोबर पिशवीत ठेवूनच प्रवास करायचा, कारण कार्डाचा मेळ जुन्या नंबराशी असतो.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी एकवीस महिने भरले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला. कागद: अर्ज, पासपोर्ट, ब्लू कार्ड, करार, नोकरी चालू असल्याचं कंपनीचं ताजं पत्र, पगारपत्रकं, आरोग्य विम्याचा दाखला, भाडेकरार, बी१, 'लेबेन इन डॉइचलांड'चा निकाल, आणि निवृत्तिवेतन खात्याचा, वर्गणी भरलेले महिने दाखवणारा उतारा. हा शेवटचा कागद सगळ्यांना गोंधळात टाकतो. खात्याकडे ऑनलाइन मागणी केली की तो फुकट, पत्राने येतो. तो उघडून बघितला तर महिने कमी दिसतात! माझ्या उताऱ्यात डिसेंबर २०२२ पर्यंतचेच होते. कारण कंपनी वर्षभराचा आकडा पुढच्या फेब्रुवारीत कळवते, त्यामुळे चालू वर्ष उताऱ्यात नसतंच. घाबरू नका. चालू वर्षाची सगळी पगारपत्रकं जोडा, त्यात निवृत्तिवेतनाची ओळ असते. मी सोबत एक पान जोडलं, त्यावर महिने आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या कागदावर दिसतो ते लिहिलं. नंतर कार्यालयातल्या बाई म्हणाल्या की त्या पानामुळे त्यांचं काम झालं.

पण ते 'नंतर' यायला जून उजाडला. डिसेंबरची पोच, मग जानेवारी ते एप्रिल काहीच नाही. एक ईमेल, त्याला आपोआप आलेलं उत्तर. ब्लू कार्ड २०२६ पर्यंत होतं, राहणं, नोकरी, प्रवास काहीही अडत नव्हतं, फेब्रुवारीत मी सांगलीला जाऊनही आले. तरी मन टपालपेटीकडेच. मेमध्ये पत्र आलं: नोकरीचं पत्र आणि शेवटची तीन पगारपत्रकं पुन्हा पाठवा, कारण आधीची जुनी झाली. त्यांनीच जुनी केली होती, पण हे कुणाला सांगणार? त्याच दिवशी पाठवली. म्हणून सांगते, अर्ज दिल्यावरही दर महिन्याचं पगारपत्रक त्याच फाईलमध्ये घालत राहा.

जूनमध्ये ठसे, ११३ युरो फी, आणि जुलैत कार्ड. 'मुदत' या रकान्याचं काम आता पासपोर्टापुरतं आहे. परवाना स्वतः बेमुदत. कंपनीशी बांधिलकी संपली. बँकेतल्या माणसाने गृहकर्जाबद्दल पहिल्यांदाच खुर्ची पुढे करून बोलणं केलं. एक अट मात्र लक्षात ठेवायची: सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर तो जाऊ शकतो.

आप्पांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग सातबाऱ्यावर नाव राहतंय न्हवं?" राहतं. मी अजून भारतीयच आहे, पासपोर्ट भारताचाच आहे. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. बँकेत साधं बचत खातं मात्र चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. मी ते मागच्या दिवाळीत गावी असतानाच उरकलं होतं. नागरिकत्वाचा प्रश्न निराळा. जून २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारत दोन ठेवू देत नाही. त्यावर आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझीच आहेत.

आता नवऱ्याची पाळी. मार्च २०२४ पासून अशी सोय झाली आहे, की माझ्यासारखा परवाना असलेल्याच्या जोडीदाराला तीन वर्षांनी कायमच्या परवान्याचा अर्ज करता येतो. आठवड्याला किमान वीस तास नोकरी आणि बी१ लागतं, शिवाय जर्मनीतल्या जीवनाची ती परीक्षाही. त्याची तीन वर्षं ऑगस्ट २०२५ मध्ये भरतात. नोकरी आहे. परीक्षेला नाव घातलंय, जागा जानेवारीतली मिळाली. बी१ च्या वर्गाला तो मंगळवारी आणि गुरुवारी जातो, आणि परत आला की मी त्याच्याशी निरोपसमारंभ ठरवते. अजून तो सगळं मलाच आणायला सांगतो.